चिपची जवारी

बायकोनं आपली चिप मारली, हे चारचौघांत सिद्ध करायचं म्हणून भरतेश मगदूम सांगलीहून पुण्याला गेला. मांडीवर खोकं, खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात तो टीव्ही गेम. शेजारच्या प्रवाशानं भाबडेपणानं "वर ठेवा की, पाय अवघडतील" म्हटलं, तर यानं त्याला असा झाडला की बिचारा स्वारगेटपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला.

आपल्यातले जे आता पन्नाशी ओलांडून बसलेत त्यांना हा टीव्ही गेम आठवत असेल. पांढऱ्या-लाल प्लास्टिकचा हलका डबा, वरून खुपसायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं नऊशे नव्व्याण्णव गेम आणि आत निघायचे सातच. बाकी सगळे तेच, नाव बदलून. आपण फसायचो आणि तरी सुट्टीभर खेळायचो. पुढं ते डबे भंगारात गेले. भरतेश आणि त्याची बायको पद्मा, दोघांनी मात्र भंगारवाल्यांकडून ते गोळा केले, उघडले, तारा जोडल्या आणि त्यांचं वाद्य केलं. लोक हसले. मग लोक तिकीट काढून यायला लागले.

त्या डब्याच्या पोटात काळ्या डांबराच्या थेंबाखाली एक चिप असते. तिला गाता येतं ते चौकोनी लहरींत. लहर चौकोनी असली म्हणजे एका सुराच्या पोटात तिप्पट कंपनांचा सूर असतो, पाचपट, सातपट कंपनांचा असतो, असे वर वर विरळ होत गेलेले कितीतरी. त्या आवाजाची सगळी धार या वरच्या सुरांत. ते काढून घ्या, खाली राहते नुसती भोंग्याची घरघर.

पद्माचं माहेर मिरजेत, सतार-तंबोरे बनवतात त्या गल्लीच्या तोंडाशी. तंबोऱ्याच्या घोडीवर जिथं तार टेकते ती जागा कारागीर कानशीनं अशी हलक्या हातानं घासतात, की तार घोडीला चाटून वाजते आणि एका सुरातून वरचे सूर फुलून येतात. याला जवारी म्हणतात. वाजवून वाजवून ती उतरते, पुन्हा लावावी लागते. लहानपणी शाळेतून येताना पद्मा ते बघत तासन् तास उभी राहायची, आणि घरी बोलणी खायची. चिपला विजेचा किती दाब द्यायचा, बाहेर पडणाऱ्या आवाजाला कुठं अडवायचं आणि कुठं मोकळं सोडायचं, हे तिनं बारीक स्क्रू फिरवून बसवलं आणि त्याला नाव दिलं जवारी. वाजवायचा भरतेश. जवारी पद्माची.

पोस्टरवर नाव अर्थातच भरतेशचं.

त्यात त्याचं एक तत्त्वज्ञान होतं. यंत्रालाही म्हातारपण येतं, चिपचा आवाज वर्षागणिक मंदावतो, आणि आपण तिच्या उतरत्या वयाचं संगीत वाजवतो. प्रत्येक कार्यक्रम तो याच वाक्यांनी सुरू करायचा: "ही चिप म्हातारी झालीय. तिला आता पहिल्यासारखं बोलता येत नाही. तिचं ऐका." लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग वाजायला लागलं, की वेगळ्याच कारणानं यायचं. कारण अलीकडं ते इतकं कर्कश झालं होतं, की पहिल्या रांगेतले रसिक कापूस घेऊनच यायचे. कोल्हापुरात एकाची दाढ ठणकायला लागली. इचलकरंजीत सभागृहाबाहेरची कुत्री रडायला लागली, तर भरतेश म्हणाला, मुक्या जनावरांनाही कळतं. समीक्षकांनी 'वेदनेचं सौंदर्य' असं काहीतरी लिहिलं. कुणी म्हणून म्हणालं नाही, की बाबा रे, कान फाटतोय.

आणि गेल्या चार-सहा महिन्यांत चिप मेली. म्हणजे भरतेशच्या मते मेली. तालमीत बसला, डब्याला वायरनं जोडलेल्या रिमोटची बटणं दाबली, तर आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा. पद्माला विचारलं तर म्हणाली, "दमलीय चिप. राहू दे की जरा खाली." मग त्याच्या डोक्यात किडा शिरला. संयोजकांच्या देखत तो तिला म्हणाला, "जळतेस तू माझ्यावर. माझं नाव होतंय ते बघवेना तुला." एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण एका मुलाखतीतही बोलला, की घरातल्याच माणसानं वाद्य निकामी केलं. पद्मानं मुलाखत शेवटपर्यंत ऐकली आणि मिरजेला भावाकडं निघून गेली. सांगली-मिरज अंतर ते किती, पण भरतेश तिकडं फिरकला नाही. पुरावा हातात आल्याशिवाय जायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

पुरावा पुण्यात मिळणार होता. तिथल्या एका प्रयोगशाळेत चिपचं जुळं काढून देत.

"तुमच्या डब्याला आम्ही हातही लावणार नाही, सर," तिथली इंजिनिअर मृण्मयी जोगळेकर म्हणाली. "तो नुसता चालू ठेवायचा. चिप वापरली जाते तशी तिच्या आतल्या थरांत थोडे थोडे इलेक्ट्रॉन अडकून बसतात. गवतातून रोज चाललं की वाट पडते ना, तसं. कुठं किती अडकलेत त्यावरून चिप एक अगदी बारीक खरखर करते. आमचं यंत्र ती खरखर ऐकतं आणि तिच्यावरून चिपचं जुळं तयार करतं, कॉम्प्युटरमध्ये. हुबेहूब. मग त्या जुळ्याचं वय मागं न्या, पुढं न्या. विमानातल्या चिपा कधी दगा देतील ते कळावं म्हणून केलंय हे. तुमचं आमच्याकडं पहिलंच."

"मला मागचं ऐकव," भरतेश म्हणाला. "अगदी सुरुवातीचं, आम्ही नवीन होतो तेव्हाचं. म्हणजे जगाला कळू दे काय होतं आणि काय करून ठेवलंय."

तिनं आधी आजचा आवाज लावला. तोच, गोणपाटातला. मग वय मागं नेलं आणि पुन्हा लावला.

"हे तेच लागलं पुन्हा."

"नाही सर. हे तेरा वर्षांपूर्वीचं आहे."

"शक्यच नाही. अगं, खणखणीत होती ती तेव्हा. सकाळच्या दुधाच्या किटल्यांसारखी. हे काय, सगळे वरचे सूर गळलेत यातले."

मृण्मयी पडद्याकडं बघून गोंधळली. "आहेत की वरचे सूर. हे बघा ना, हे सगळे पट्टे. अगदी शेवटपर्यंत आहेत."

"दिसतायत गं! पण ऐकू कुठं येतायत?"

बोलून गेला आणि पुन्हा पडद्यावरचे पट्टे बघायला लागला. मग तिनं फार हळू विचारलं, "सर, एक साधी परीक्षा करूया? मी एक सूर लावते, तो वरून खाली येत राहील. ऐकू आला की हात वर करा." भरतेश हात मांडीवर ठेवून बसला. कधी लावणार म्हणून वाट बघत बसला. अखेर त्याला सूर ऐकू आला, त्यानं झटकन हात वर केला, आणि मृण्मयीकडं पाहिलं तर तिचा चेहरा उतरला होता. तिनं तो केव्हाचाच सुरू केला होता.

चिप म्हातारी झालीच नव्हती. वयानं तिच्या आवाजात असा काही फरकच पडला नव्हता. म्हातारा झाला होता तो भरतेश मगदूमचा कान, आणि तोही वेळेच्या आधी, जन्मभर हेडफोन कोंबून बसल्यामुळं.

"पण कुणीतरी बदल केलेत," मृण्मयी म्हणाली. बोलू का नको असं तिला झालं होतं. "चिपला दिलेला दाब बदलला की त्याचीही खूण आत राहते. दर काही महिन्यांनी कुणीतरी वरचे सूर थोडे थोडे चढवत गेलंय. फार नाजूक हात आहे, सर. एका वेळी इतकंच, की ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये. आत्ता मागच्या वर्षीचं लावून बघितलं तर हेडफोन काढूनच ठेवावे लागले, सहन होईना. शेवटी शेवटी मात्र तोच हात एकेक पायरी खाली..."

"ती बायकोनं भांडणात उतरवलेली जवारी," भरतेश घाईनं म्हणाला. "ते सोड."

"जुळ्यात तो हातही आलाय, एवढंच सांगायचं होतं. वय पुढं नेलं तर ते स्वतःच जवारी लावत जाईल. त्या बाईंनी जे केलं असतं तेच."

भरतेशचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. त्याला पद्माचा हात आठवत होता. चष्मा कपाळावर सरकवून, जीभ दातांत धरून स्क्रू फिरवणारी पद्मा. "थांब, चिपचं वय झालं आता, जरा चढवते," असं म्हणणारी. हे सगळं आपल्यासाठी होतं, हे कळल्यावर त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. परतीच्या गाडीतून तो सांगलीला उतरलाच नाही, तसाच पुढं मिरजेला गेला.

दार मेहुण्यानं, अजित खोतनं, उघडलं. "या दाजी," एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला. ऐन डिसेंबरात पद्मा फुल्ल पंख्याखाली शाल गुंडाळून बसली होती.

"थंडी वाजत नाही?"

"वाजते," ती म्हणाली. "कळलं वाटतं सगळं. कुणी सांगितलं?"

"मशीननं."

"बरं झालं. माझं ऐकलं नसतंस."

"तू मला सांगायचं होतंस, पद्मा."

"तीनदा सांगितलं, कान दाखवून ये म्हणून. पहिल्यांदा हसलास. दुसऱ्यांदा ताट भिरकावलंस. तिसऱ्यांदा आठ दिवस बोलला नाहीस. मग म्हटलं, याला ऐकू येत नाही हे सांगत बसण्यापेक्षा याला ऐकू येईल असं करू. सोपं वाटलं तेव्हा. चिपच्या वयाचं ते मी थाप म्हणून मारलं होतं रे. तू त्याची भाषणं करायला लागलास."

भरतेशनं तो प्रश्न विचारला, जो विचारायलाच नको होता. "मग शेवटी उतरवलीस कशाला?"

पद्मानं पंख्याकडं बोट केलं. "हा बंद केला की माझ्या कानात सुरू होतं. तोच, चिपचा आवाज. झोपेत, जेवताना, देवळात. डॉक्टर म्हणाले, जाणार नाही आता हा. तुला ऐकू येईपर्यंत चढवायची म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी बसून मला किती ऐकावं लागत होतं, याचा विचार केलास कधी? तू लांब, स्टेजवर. मी त्याच्या समोर. शेवटी सोसेना, म्हणून उतरवायला लागले. जराशी खाली, मग आणखी जराशी. पार मूळच्या जागेवर नेऊन सोडणार होते. ऐकायला येतात त्या लोकांची तरी सुटका होईल म्हटलं. तर तू म्हणालास, जळतेस."

भरतेश रडला. खोटं रडत नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तिचे पाय धरायला वाकला, तिनं धरू दिले नाहीत.

"ऊठ. नाटकं नकोत. मी येते परत," पद्मा म्हणाली. "मला काय इथं भावाच्या घरात हौसेनं राहायचंय का? पण एक कर. पुढच्या कार्यक्रमात माईकवर खरं सांग. मला वरचं ऐकू येत नाही, इतकी वर्षं जे ऐकलंत ती जवारी पद्माची होती, आणि तिच्यावर मी खोटा आळ घेतला. तीन वाक्यं. मी मोबाईलवर बघत असेन. ती तीन वाक्यं बोललास की मी बॅग भरते."

"सांगतो. शपथ."

"शपथ नको. सांग फक्त."

घरी येऊन भरतेशनं आरशासमोर ती तीन वाक्यं म्हणून पाहिली. पहिल्या दिवशी चांगली जमली. दुसऱ्या दिवशी, ज्या महोत्सवात हा पुढचा कार्यक्रम व्हायचा होता त्याचे संयोजक मोकाशी यांचा फोन आला. बाहेरच्या देशातली मंडळी ऐकायला येणार होती, आवडलं तर सहा शहरांचा दौरा. "आणि सर, ते सुरुवातीचं म्हाताऱ्या चिपचं तेवढं कराच हं. आमची मिसेस त्याच्यासाठीच येते." फोन ठेवल्यावर भरतेशनं आरशात पाहिलं, आणि त्याला पहिलंच वाक्य म्हणवेना. बहिरा वादक! लोक काय म्हणतील? आज टाळ्या वाजवणारे उद्या आपल्याकडं बघून अरेरे करतील. आणि चिप म्हातारी झालीच नाही म्हटल्यावर आपल्या तत्त्वज्ञानाचं काय, आपल्या नावाचं काय?

तेव्हा कुठं त्याला मृण्मयीचं ते वाक्य आठवलं, जुळं स्वतःच जवारी लावत जाईल. त्यानं लगेच पुण्याला फोन लावला.

"ते जुळं माझ्या रिमोटला जोडून वाजवता येईल?"

"येईल की, सर."

"आणि तो हात? जवारी आपोआप लागत जाईल?"

"हो. जुळ्याचं वय पुढं चालत राहील, तसा हातही चालत राहील. वादनाच्या एका तासात पुढची दोन-तीन वर्षं धावतील. पण सर, कुठल्या दिशेनं जाईल ते एकदा तपासून घ्यायला हवं. आणि... बाईंना विचारलंय ना तुम्ही? हात त्यांचा आहे."

"तिला काय विचारायचं? बायको आहे माझी," भरतेश म्हणाला. "आणि दिशा मला माहितीये. तेरा वर्षं चढवत आलीय ती. तू मागच्या वर्षीच्या वयापासून सुरू होईल असं करून पाठवून दे."

माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कोण अडवणार? भरतेशनं ठरवून टाकलं, की हे आपण पद्मासाठीच करतोय. आता तिला स्पीकरच्या तोंडाशी बसायला नको, तिच्या कानाला आराम. दौरा तेवढा पदरात पडू दे, मग खरं काय ते सावकाश सांगू. पुढच्या कार्यक्रमात. नाहीतर त्याच्या पुढच्या.

महोत्सवाच्या संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं होतं. भरतेश माईकपाशी आला. मिरजेत पद्मा मोबाईल समोर धरून बसली असणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पहिल्या रांगेत मोकाशी, शेजारी त्यांची मिसेस, पलीकडं ती परदेशी मंडळी, सगळ्यांच्या माना वर.

"ही चिप म्हातारी झालीय," भरतेश म्हणाला. "तिला आता पहिल्यासारखं बोलता येत नाही. तिचं ऐका."

टाळ्या पडल्या. त्यानं रिमोट हातात घेतला.

आणि काय सांगू, वाजलं! कितीतरी महिन्यांनी त्याला ती धार ऐकू आली, लखलखीत. पहिल्या रांगेनं सराईतपणे कापूस कानात घातला. भरतेशला भरून आलं. बोटं पुन्हा तरणी झाल्यासारखी पळायला लागली. शाब्बास पद्मा, असं तो मनात म्हणालासुद्धा.

मग आवाज किंचित मंदावला. त्याला वाटलं भास. थोड्या वेळानं आणखी मंदावला. त्यानं जोरात बटणं दाबली. पायाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर वरच्या सुरांचे पट्टे एकेक पायरी उतरत होते, हलक्या हातानं, लक्षात येणार नाही इतकेच. ते बघता बघता भरतेशला सगळं समजलं. हा भांडणातला हात नव्हता, पद्माचाच होता. तिनं जिथं सोडलं होतं तिथवर येऊन तो आता पुढं चालला होता, मूळच्या जागेकडं. भरतेशनं तिच्यावर आळ घेतला नसता तर तिनं जे केलं असतं, नेमकं तेच.

आता त्याला नुसती घरघर ऐकू येत होती, स्पीकरचं तोंड लोकांकडं, तेव्हा मागं स्टेजवर मग तीही विरळ झाली. थांबवता आलं असतं, नाही असं नाही. पण थांबवायचं तर उठून माईकवर सांगावं लागलं असतं, की मला ऐकू येत नाही. तो उठला नाही. बोटांच्या सवयीनं बटणं दाबत राहिला. कुठला सूर चाललाय, सम आली की गेली, त्याला पत्ता नव्हता.

समोर मात्र लोक कानातून कापूस काढत होते. एकमेकांकडं बघत होते. मोकाशींच्या मिसेसनी डोळे मिटले आणि त्या हसल्या. मागच्या रांगांतली माणसं पुढं झुकली. एवढ्या वर्षांत भरतेशनं आपल्यासमोर असे चेहरे पाहिले नव्हते. त्यांना काय ऐकू येतंय, हे कळावं म्हणून त्यानं काहीही दिलं असतं. तो एकेका चेहऱ्याकडं बघत वाजवत राहिला.

संपलं तेव्हा ते त्याला लोक उभे राहिले म्हणून कळलं. टाळ्या लांबून येत होत्या. मोकाशी धावत स्टेजवर आले, त्यांनी त्याला मिठी मारली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "सर, इतकं सुंदर तुम्ही जन्मात वाजवलं नव्हतं! दौरा पक्का समजा!"

"कसं वाजत होतं हो?" भरतेशनं विचारलं. "सांगा ना, कसं होतं ते?"

मोकाशी खो खो हसले. एवढा मोठा कलाकार आणि काय हा विनय, असं त्यांनी शेजारच्यालाही ऐकवलं. फुलं देणाऱ्यांची रांग लागली. त्या गर्दीत भरतेशनं खिशातून फोन काढला. मेहुण्याचा निरोप होता.

'दाजी, ताईनं भाषण ऐकलं आणि मोबाईल बंद केला. पुढचं ऐकलं नाही. मिरजेला येऊ नका म्हणाली.'